प्रजासत्ताक म्हणजे लोकशाहीचाच एक प्रकार आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता), दापोली तालुका

दरवर्षी २६ जानेवारीच्या आधी आमच्या गावच्या शाळेत निबंधस्पर्धा होते आणि निवृत्त शिक्षक म्हणून निबंध तपासायला मला बोलावतात. यंदा आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'प्रजासत्ताक आणि लोकशाही एकच नव्हेत. इंग्लंडमध्ये लोकशाही आहे, पण तिथे राजा आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही.' माझ्यासोबत तपासायला बसलेल्या परीक्षकांनी त्या दोन वाक्यांखाली लाल रेघ ओढली आणि समासात शेरा दिला, 'चूक. प्रजासत्ताक हा लोकशाहीचाच प्रकार आहे.' दोन गुण कापले गेले आणि तिचा पहिला क्रमांकही गेला. मी ती वही मागून घरी आणली आहे. ती समोर ठेवूनच हे लिहितो आहे, कारण मुलीचे बरोबर आहे असे मला वाटते आणि ते नीट मांडून दाखवल्याशिवाय तिला वही परत करणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. राज्य कोणाच्या मालकीचे, हा पहिला प्रश्न. ते कोणत्याही घराण्याची वारसाहक्काची मिळकत नसेल आणि राज्याच्या प्रमुखपदी माणूस जन्माने येत नसेल, तर ते प्रजासत्ताक. राज्यातले निर्णय कोणाच्या संमतीने होतात, हा दुसरा प्रश्न. सर्व प्रौढ माणसांना समान मत असेल, सत्ताधाऱ्यांना मताने घरी पाठवता येत असेल आणि विरोधात बोलण्याची मोकळीक असेल, तर ती लोकशाही. एका प्रश्नाचे उत्तर दिल्याने दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही. ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्पेन आणि जपान या देशांत राजे किंवा सम्राट आहेत, तरीही तिथे लोकशाही आहे. नॉर्वेने तर १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे झाल्यावर सार्वमत घेऊन, मतपेटीच्या मार्गाने, राजा स्वीकारला. उलट उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही शब्द आहेत, आणि सत्ता मात्र आजोबांकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे गेली आहे.

मराठीत हा घोटाळा अधिक होतो, त्याला आपले शब्दही काही अंशी जबाबदार आहेत. 'प्रजासत्ताक' हा शब्द फोडला की प्रजेची सत्ता असा अर्थ निघतो, आणि तो ऐकणाऱ्याला लोकशाहीहून वेगळा वाटत नाही. मूळ लॅटिन शब्द 'रेस पब्लिका'. त्याचा अर्थ 'सार्वजनिक बाब', सर्वांच्या मालकीची गोष्ट. त्यात सत्ता कोण चालवतो याविषयी काहीच सांगितलेले नाही. शिवाय 'प्रजा' म्हटले की समोर राजा उभा राहतो, आणि 'लोकशाही'तील 'शाही' तर निजामशाही-आदिलशाहीच्या पंगतीतली आहे. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात 'लोकशाही गणराज्य' असे शब्द आहेत, तर सणाला आपण 'प्रजासत्ताक दिन' म्हणतो. वर्गात मुलांना यातला फरक समजावताना मला अनेक वर्षे अडचण आली. जाणकारांनी आपले मत अवश्य लिहावे. माझे चुकत असेल तर मी त्या शेऱ्याखाली सही करीन.

पडाव, मालवण

गुरुजी, आपला धागा दोनदा वाचला. मुलीने स्वतंत्र विचार केला याचे कौतुक आहेच, परंतु परीक्षकांची बाजू आपण समजता तितकी लंगडी नाही, हे नम्रपणे सांगतो.

१३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्या ठरावात भारत 'स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक' होईल असे म्हटले होते. 'लोकशाही' हा शब्द त्यात नव्हता. तो का नाही, याचा खुलासा नेहरूंनी त्याच भाषणात केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्रजासत्ताक या शब्दात लोकशाही अंतर्भूत आहे हे उघड असल्यामुळे अनावश्यक शब्द वापरण्याचे आम्ही टाळले. ज्यांच्या ठरावावर आपली उद्देशिका उभी आहे तेच असे म्हणत असतील, तर शाळेतल्या परीक्षकांना आपण चूक कसे ठरवणार?

दुसरे असे की शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने कायमचा बांधलेला नसतो, तो काळाबरोबर पुढे सरकतो. रोमच्या काळी प्रजासत्ताकाचा अर्थ काहीही असो, विसाव्या शतकात वसाहतींमधून सुटलेल्या देशांनी स्वतःला प्रजासत्ताक म्हटले तेव्हा लोकांचे राज्य हाच अर्थ त्यांच्या मनात होता. उत्तर कोरियाने नाव चोरले, म्हणून मूळ मालकाचा हक्क जात नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

पडाव, आपण दिलेला दाखला अस्सल आहे आणि तो धाग्यात आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याचा पुढचा भागही पाहावा लागेल. तो ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'सार्वभौम लोकशाही गणराज्य' असे शब्द आले. म्हणजे जो शब्द तीन वर्षांपूर्वी अनावश्यक वाटला होता, तो शेवटी लिहिला गेला. (समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नंतर आले, त्यांचा इथे संबंध नाही.) गणराज्यात लोकशाही येतेच असती, तर 'लोकशाही गणराज्य' म्हणणे ही द्विरुक्ती झाली असती. विशेषण तेव्हाच लावतात, जेव्हा त्या विशेषणाशिवायही नाम संभवते. गोडा आंबा म्हणावे लागते, कारण आंबट आंबाही असतो.

शब्दाचा अर्थ काळाबरोबर सरकतो, हे मला मान्य आहे. पण तो कुठे सरकला हे दाखवायला नुसते हेतू पुरत नाहीत. दक्षिण आफ्रिका ३१ मे १९६१ रोजी प्रजासत्ताक झाली. त्यासाठी आदल्या वर्षी जे सार्वमत घेतले, त्यात फक्त गोऱ्यांना मत होते. ब्रिटिश राजमुकुट गेला, राष्ट्राध्यक्ष आला, आणि देशातील बहुसंख्य माणसांना पुढे १९९४ पर्यंत मतच नव्हते. तिने ते नाव कोणाकडून चोरले होते असे म्हणता येणार नाही. राजा नव्हता, म्हणून ते प्रजासत्ताकच होते.

वकिली टिपण, रत्नागिरी

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो. आपल्या संविधानात या दोन कल्पनांच्या तरतुदी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. अनुच्छेद ५२ ते ५५ राष्ट्रपतिपदाविषयी आहेत. हे पद निवडणुकीने भरते, आणि ती निवडणूकही अप्रत्यक्ष असते, कारण संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची मान्यता संपवली. आमच्या किनाऱ्यावर सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने १९४८ मध्येच मुंबई प्रांतात विलीन झाली होती. हा सगळा मजकूर प्रजासत्ताकाचा.

लोकशाहीचा मजकूर निराळा आहे. अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. तेव्हा वयाची अट एकवीस वर्षांची होती, ती एकसष्टाव्या दुरुस्तीने अठरा झाली. अनुच्छेद १९ ने भाषणाचे आणि सभेचे स्वातंत्र्य दिले. अनुच्छेद ८३ ने लोकसभेला पाच वर्षांची मुदत घालून दिली. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायमूर्ती सिक्री यांनी संविधानाच्या मूलभूत चौकटीची उदाहरणे देताना शासनाचे प्रजासत्ताक आणि लोकशाही स्वरूप असे दोन्ही शब्द वापरले, तेही लक्षात घ्यावे.

गुरुजींच्या म्हणण्याला सर्वांत बळकट पुरावा मात्र आपल्याच घरातला आहे. २५ जून १९७५ पासून २१ मार्च १९७७ पर्यंत देशात आणीबाणी होती. त्या काळात राष्ट्रपती होते, संसद होती, २६ जानेवारीला झेंडावंदन होत होते, कोणी राजा गादीवर बसला नव्हता. प्रजासत्ताकाला ओरखडाही उमटला नव्हता. पण विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि १९७६ मध्ये संपणारी लोकसभेची मुदत कायदा करून वाढवली गेली. म्हणजे एक वस्तू शाबूत राहून दुसरी जखमी होऊ शकते. तसे होऊ शकते, त्याअर्थी त्या वस्तू दोन आहेत.

सातासमुद्रापार (मूळ गाव गुहागर तालुका)

मी अनेक वर्षे अमेरिकेत राहतो. इथे हाच प्रश्न उलट्या बाजूने ऐकू येतो. 'आपला देश प्रजासत्ताक आहे, लोकशाही नाही' हे वाक्य राजकीय वादात अनेकदा फेकले जाते, आणि बहुमताचा एखादा निर्णय नकोसा वाटला की त्याचा विशेष उपयोग होतो.

याचे मूळ जेम्स मॅडिसन यांच्या नोव्हेंबर १७८७ मधील एका लेखात आहे. फेडरलिस्ट लेखमालेतील हा दहावा लेख. मॅडिसन यांनी 'शुद्ध लोकशाही' म्हणजे नागरिकांनी स्वतः एकत्र जमून कारभार करणे आणि 'प्रजासत्ताक' म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींकडून कारभार होणे, असा भेद केला. त्या अर्थाने पाहिले तर आज आपण जिला लोकशाही म्हणतो, ती त्यांच्या भाषेत प्रजासत्ताकच ठरते. त्यांच्या शब्दांचा अर्थ आजच्या शब्दांवर जसाच्या तसा लावला की गोंधळ होतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत लोकशाही हा शब्द कुठेही नाही. प्रत्येक घटकराज्याला प्रजासत्ताक स्वरूपाच्या शासनाची हमी मात्र दिलेली आहे. ती हमी असतानाही १८६५ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती, १९१३ पर्यंत सिनेटर लोकांच्या थेट मताने निवडले जात नव्हते आणि १९२० पर्यंत देशभरातील स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता. प्रजासत्ताक पहिल्या दिवसापासून होते. लोकशाही त्यात हप्त्याहप्त्याने, पुष्कळ रक्त आणि परिश्रम देऊन भरावी लागली.

पडाव यांना मी इतकेच म्हणेन की नेहरूंनी सांगितलेला अर्थ हा त्यांच्या मनातला निर्धार होता. तसे प्रजासत्ताक घडवायचे, असे त्यांना म्हणायचे होते.

गावऱ्हाट, सिंधुदुर्ग

आपण सर्वजण दूरदूरची उदाहरणे देत आहात, पण हा फरक आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या समोर दिसत आला आहे. आमच्याकडे गावऱ्हाटी आहे, म्हणजे देवळाभोवती चालणारा गावचा पारंपरिक कारभार. गावकर, मानकरी, बारा-पाचाची देवसकी, देवळात लागणारा तांदळाचा कौल. मी लहान असताना वडिलांबरोबर देवळाच्या सभामंडपात जात असे. मानकरी आपापल्या ठरलेल्या जागी बसत, कोणी कोणाच्या जागेवर बसत नसे. जत्रेची तारीख, शिमग्याची पालखी कोणत्या वाडीत आधी जायची, देवराईतले झाड तोडायचे की नाही, असे विषय निघत. तिथे राजा नव्हता. एकट्या माणसाचा शब्द अखेरचा नसे, चर्चा तासन्‌तास चाले आणि देवाची जमीन कोणाच्या खाजगी मालकीची नाही, ती गावाची आहे, ही भावना पक्की होती. त्या बैठकीला रेस पब्लिका हे नाव शोभले असते.

पण मंडपात बसायला जागा कोणाला होती? ठराविक कुळांतील कर्त्या पुरुषांना. माझी आई, जिचे आयुष्य त्या देवाची वात लावण्यात गेले, ती खांबाच्या मागे उभी राहून ऐकत असे. काही वाड्यांतील माणसे तर पायऱ्यांच्या खालीच थांबत. गावऱ्हाटीविषयी माझ्या मनात प्रेम आहे. त्या व्यवस्थेने देवरायांचे रक्षण केले आहे, भांडणे कोर्टाच्या दारात जाण्याआधी मिटवली आहेत, आणि हे मी तिला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. परंतु तिला लोकशाही म्हणणे मला खोटे वाटते.

प्राचीन गणराज्यांचेही असेच होते. वैशालीच्या लिच्छवींच्या कारभारात हजारो 'राजे' एकत्र बसत, असे जातककथांमध्ये आहे. पण ते सर्व त्या कुळांतले होते. दास, कारागीर आणि स्त्रिया त्या सभेत नव्हत्या. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भारत एके काळी गणराज्यांनी भरलेला होता आणि बौद्ध भिक्षुसंघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम ठाऊक होते, याचा अभिमानाने उल्लेख केला. पण त्याच भाषणात त्यांनी असेही बजावले की २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल.

पडाव, मालवण

गावऱ्हाट यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार केला. आमच्या गावीही तोच मंडप आहे आणि तोच खांब आहे. 'प्रजासत्ताक हा लोकशाहीचा प्रकार' हे विधान मी मागे घेतो. मात्र माझी एक शंका शिल्लक आहे. राजा असलेल्या देशांत लोकशाही चालते, राजा नसलेल्या देशांत हुकूमशाही चालते, तर मग प्रजासत्ताक होण्याला महत्त्वच काय उरले? नुसते शोभेचे पद बदलण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती काय?

महाडची लेक

पडाव दादांच्या शंकेला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. माझे माहेर महाडचे आहे, चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर.

गुरुजींनी रेस पब्लिकाचा अर्थ 'सार्वजनिक बाब' असा सांगितला, तेव्हा मला पहिल्यांदा तळेच आठवले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला त्यांच्यापैकी कोणी हात लावू शकले नव्हते. त्या दिवशी बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर सभेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दिवाणी दावा लागला आणि तो उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला.

मी त्या पायऱ्यांवर लहानपणी पुष्कळदा बसले आहे. आजी सांगायची, की तळे कोणाच्या बापाचे नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होते. अडचण होती ती 'सगळे' या शब्दात कोण येते याची. वस्तू सर्वांची आहे असे जाहीर करणे हे प्रजासत्ताकाचे काम. त्या 'सर्वां'त प्रत्येक माणूस खरोखर मोजला जातो की नाही, हे लोकशाहीचे काम. पण पहिले जाहीर झाले नसते, तर दुसऱ्यासाठी भांडायला पायच टेकता आले नसते. तळे खाजगी असल्याचा दावा दुसऱ्या बाजूने केलाच होता आणि तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून हक्क टिकला. माझ्या मते प्रजासत्ताकाचे महत्त्व ते हेच आहे, दादा. जी वस्तू कोणाच्या तरी मालकीची असते, तिथे मिळते ती मेहेरबानी. जी वस्तू सर्वांची असते, तिथे हक्क मागता येतो. अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला, तोही खोताच्या अशाच जन्माने आलेल्या अधिकाराविरुद्ध होता. जन्माने मिळणारी सत्ता गावपातळीवर कशी असते, हे कोकणाला राजापेक्षा खोताने अधिक शिकवले आहे.

वकिली टिपण, रत्नागिरी

महाडच्या ताईंचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. एक छोटी पुरवणी जोडतो. बार्बाडोस हा देश ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक झाला. आदल्या दिवशीही तिथे लोकशाही होती आणि दुसऱ्या दिवशीही होती, पण प्रमुखपदी दूरच्या राणीऐवजी त्याच देशाचा निवडलेला नागरिक आला. ऑस्ट्रेलियाने मात्र १९९९ च्या सार्वमतात हाच बदल नाकारला. दोन्ही निर्णय लोकशाहीनेच झाले.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. काल संध्याकाळी मी शाळेत जाऊन त्या परीक्षकांना हे सारे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, महाडच्या ताईंचा प्रतिसाद पुन्हा एकदा वाचायला लावला आणि स्वतःच्या हाताने तो शेरा खोडून दोन गुण परत दिले. त्यांच्या या मोठेपणाचा मला आदर वाटतो.

वही द्यायला मुलीच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात भाताच्या पेंढ्यावर बसून अभ्यास करीत होती. तिने वही उघडून पाहिली आणि मलाच प्रश्न केला, "गुरुजी, मग १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या मधल्या काळात आपण काय होतो?"

मी तिला सांगितले की तेव्हा आपण डोमिनियन होतो. स्वतंत्र होतो, पण कायद्याने राजा सहावा जॉर्ज होता आणि त्याच्या नावाने आधी माउंटबॅटन व मग राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि २६ जानेवारीला लगेच सगळ्यांनी मत दिले?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की इतक्या प्रतिसादांत हा मुद्दा आपल्यापैकी कोणीच मांडला नव्हता. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो, परंतु संसद म्हणून काम पाहत होती ती संविधान सभाच, आणि ती १९४६ मध्ये मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती. सर्व प्रौढांचे पहिले मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलात सुरू झाले आणि ते १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी ती निवडणूक होती. माझी आई तेव्हा चोवीस वर्षांची होती. डोक्यावर पदर घेऊन, खाडी तरीतून ओलांडून, दुसऱ्या गावच्या शाळेत ती मत द्यायला गेली होती, आणि चिठ्ठी पेटीत पूर्ण आत गेली की नाही हे तिने बोटाने चाचपून पाहिले होते, असे ती आम्हाला सांगत असे.

मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही तारखा लिहून घेतल्या. मग पुढच्या ग्रामसभेला मुलांना मागे बसून ऐकता येते का, असे विचारले. मी ग्रामसेवकांना विचारून सांगतो म्हणालो.